ब्राउनसी बेटावरचं शिबिर श्रीमंतांचं नव्हतं

पहिलं स्काउट शिबिर म्हणजे श्रीमंतांच्या मुलांना दिलेलं लष्करी प्रशिक्षण, असा एक मजकूर सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर ऑगस्ट १९०७ मध्ये स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी वीसेक मुलं जमवली. त्यांत ईटन-हॅरोसारख्या बड्या शाळांतली होती, तशीच पूल आणि बोर्नमथ या गावांतल्या बॉइज ब्रिगेड या मुलांच्या संघटनेतली साध्या घरांतलीही. शुल्कसुद्धा वेगवेगळं: बड्या शाळांतल्यांना एक पौंड, बाकीच्यांना साडेतीन शिलिंग (तेव्हा वीस शिलिंगांचा एक पौंड). चार संघ पाडताना मात्र सगळ्यांची सरमिसळ केली होती. बेडन-पॉवेल लष्करातले, हे खरं. पहाटे कुडू हरणाचं शिंग फुंकून ते मुलांना उठवत! पण दिवस जायचा माग काढणं, निरीक्षण, स्वयंपाक आणि शेकोटीत. बंदुकांची कवायत नव्हती.