पाणी डोंगराचं, बिल शहराचं

पश्चिम घाटाचा विषय निघाला की आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडतात. घाटात कुठे खाणी-बांधकामांवर बंधनं घालायची, हे सांगणारा गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, मग कस्तुरीरंगन समितीचा, मग सरकारच्या अधिसूचनेचे मसुद्यांवर मसुदे. जुलै २०२४ मध्ये वायनाडला दरड कोसळली, तर दुसऱ्याच दिवशी आणखी एक मसुदा. एक तट म्हणतो डोंगर वाचवा, दुसरा विचारतो, तिथल्या लोकांनी काय कंदील लावून बसायचं? डोंगराचं पाणी पिणारं शहर मात्र या भांडणात कुठेच नसतं. ग्रुपमधले बहुतेकजण मुलुंड-दादरचे, तरीही.

मी व्हिएन्नात राहतो. इथे नळाला राक्स, श्नेबेर्ग, होखश्वाब या डोंगरांतल्या झऱ्यांचं पाणी येतं. पहिली वाहिनी १८७३ ची, दुसरी १९१० ची, हिची लांबी सुमारे १८० किलोमीटर. पाणी उतारानेच येतं, दुसऱ्या वाहिनीतून पोचायला दीड दिवस लागतो. कॉफीसोबत त्याच पाण्याचा पेला ठेवतात, भर उन्हाळ्यातही गार. चुनखडीचा डोंगर, वर पडलेलं पाणी भेगांतून फारसं न गाळता झटपट झऱ्यात उतरतं; म्हणून शहराने भोवतालची जंगलं स्वतःच्या ताब्यात ठेवलीत. तिथे आधी पाणी, मग लाकूड.

मुंबईने मात्र हा कित्ता गिरवू नये. तिला पाणी देणाऱ्या तानसा-वैतरणेच्या खोऱ्यांत वारली, ठाकूर, कातकरी पाडे आहेत. महापालिकेने डोंगर घेतला तर आधी तेच उठतील, आणि माणसं उठवण्यात आपला हात कोण धरणार!

मला शेजारच्या स्वित्झर्लंडची रीत पटते. वीजकंपन्या डोंगराचं पाणी वापरतात, त्याचं भाडं भरतात. कायदा १९१६ चा. सध्याची कमाल मर्यादा दर किलोवॉटला वर्षाकाठी ११० फ्रँक. ग्राउबुंडेनसारख्या डोंगरी भागात गावांनाही त्यात वाटा मिळतो. कंपन्या कुरकुरतात, पण भरतात.

मुंबईला पाणी देणारी भातसा आणि तानसा ही दोन्ही धरणं शहापूर तालुक्यात. तिथल्याच पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर येतो, कोरड्या विहिरीत पाणी ओततो आणि बाया ते पोहऱ्याने पुन्हा उपसतात. मुंबईच्या बिलात हजार लिटरमागे थोडी रक्कम वाढवून ती थेट या ग्रामसभांना का देऊ नये? झरे राखायचे, बंधारे बांधायचे की आधी नळ आणायचा, ते त्या ठरवतील. आता वाडा तालुक्यात गारगाई धरणाचा घाट घातलाय. त्याचं पाणी मुंबईला नेण्याआधी भाड्याचा करार व्हायला हवा. एकदा पाणी नळात आलं की शहर कुणाचं ऐकत नाही.