कोनमापकाची कड म्हणजे शून्याची रेघ नव्हे

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोनमापकाची एक ‘सोपी पद्धत’ फिरते आहे: खालची कड भुजेवर टेकवा, लघुकोन असेल तर आतला आकडा वाचा, विशालकोन असेल तर बाहेरचा, 180 अंशांपुढचा कोन अर्ध्या गोलाच्या कोनमापकाने मोजताच येत नाही, आणि 45 टक्के उताराचं छप्पर म्हणजे 45 अंशांचं. चारही गोष्टी चूक आहेत. पहिली तर मुलांचे हमखास मार्क घालवणारी.

कंपासपेटीतला प्लास्टिकचा कोनमापक बघा. 0 आणि 180 ला जोडणारी रेघ बहुतेक वेळा कडेवर नसते, थोडी वर असते. तिच्या मध्यावर बारीक खूण किंवा भोक असतं. शिरोबिंदू तिथे यायला हवा आणि भुजा बरोबर त्या रेघेखाली. समजा ही रेघ कडेपासून 5 मिमी वर आहे आणि आकड्यांची कमान मध्यापासून 45 मिमीवर. कड टेकवून मोजलं तर 30 अंशांचा कोन साडेचोवीस दिसतो, 60 चा जेमतेम 57. विशालकोनात उलटं होतं: 150 चा 155 च्याही पुढे जातो. काटकोन मात्र चोख 90 च येतो. त्यामुळे ‘वहीच्या कोपऱ्यावर लावून बघितलं, बरोबर आलं’ याने काहीच सिद्ध होत नाही. ही चूक नेमकी काटकोनातच लपते.

आकडा आतला की बाहेरचा, हे कोनाच्या आकारावर ठरत नाही. रेघेवर ठेवलेल्या भुजेपाशी ज्या ओळीचा 0 आहे, तीच ओळ शेवटपर्यंत वाचायची. भुजा उजवीकडे असेल तर बहुतेक कोनमापकांत आतली ओळ लागते, मग कोन 40 चा असो वा 140 चा. भुजा कमानीपर्यंत पोचत नसेल तर पट्टीने बिनधास्त वाढवा, कोन बदलत नाही. कोन काढताना पेन्सिलीला टोक हवंच: 45 मिमीवर एक अंश म्हणजे जेमतेम 0.8 मिमी, बोथट टिंबात तो सहज हरवतो.

प्रविशाल, म्हणजे 180 अंशांपुढचा, कोन? उरलेला लहान कोन मोजा, 360 मधून वजा करा. 110 आले तर कोन 250.

छपराची गल्लत खिशाला लागते. 45 टक्के म्हणजे 100 सेंमी आडव्या अंतराला 45 सेंमी चढ, साधारण 24 अंश. 45 अंशांना चढ 100 सेंमी लागतो, म्हणजे 100 टक्के. आढ्यापासून भिंतीपर्यंत आडवं 3 मीटर असेल, तर 45 टक्क्यांना वासा 3.29 मीटर लागतो आणि 45 अंशांना 4.24. सुताराला चुकीचं माप सांगितलं तर प्रत्येक वाशामागे जवळपास मीटरभर लाकूड जादा, वर कौलंही तितकी जास्त.

असलेल्या छपराचा उतार मोजायचा तर कोनमापक उलटा धरून त्याची सरळ कड आतून वाशाच्या खालच्या अंगाला टेकवा आणि मधल्या भोकातून नट बांधलेला दोरा सोडा. इथे कड चालते, कारण ती शून्याच्या रेघेला समांतर असते आणि दोरा मध्यातूनच लोंबतो. दोरा हलायचा थांबला की वाचा. तो 66 किंवा 114 वर असेल, तर 90 शी असलेला फरक, म्हणजे 24 अंश, हा उतार.