बालाशेविच संधिसाधू होता का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी दोन-तीनदा वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सर्बियातल्या नोवी साद गावच्या जोर्जे बालाशेविच या गायक-गीतकाराला मी 'निष्कलंक' म्हटलं. पण याच माणसाने 1978 साली, सर्बिया युगोस्लाव्हियाचा भाग होता तेव्हा, त्या देशाचे सर्वेसर्वा टिटो यांच्या राजवटीची भलामण करणारं गाणं लिहिलं आणि पुढे वारा फिरला तसा तो युद्धविरोधी झाला. शिवाय तो रॉक गायक नव्हेच, 'गाणारा कमी, कथेकरी जास्त'. आणि ज्या भाषेतलं अक्षर आपल्याला कळत नाही, त्या गाण्यांवर एवढं गहिवरून कशाला लिहायचं?

'निष्कलंक' हा शब्द चुकला, हे आधी कबूल करतो. 'राचुनाय्ते ना नास', म्हणजे 'आमच्यावर भरवसा ठेवा', हे गाणं त्याचंच. तेव्हा तो पंचविशीचा होता. रेकॉर्डी ऐकणारी, रॉक वाजवणारी पोरं देशाच्या कामाची नाहीत असं म्हणणाऱ्यांना त्यात उत्तर होतं: आमच्या रक्तातही तुमचाच लढा आहे. युगोस्लाव्हियाच्या तरुणांचं ते जवळजवळ राष्ट्रगीतच झालं. तुम्ही एकच गाणं सांगितलंत, मी दुसरंही सांगतो. टिटोंना तीनदा पाहिल्याचं वर्णन करणारं एक गाणंही त्याने लिहिलं, आणि तेही मनापासून. हे लपवून लेख लिहिणं बरोबर नव्हतं.

पण वारा येईल तशी पाठ फिरवणारा, असं तुम्ही म्हणता. मग वारा कुठून वाहत होता ते तरी बघू.

1993 घ्या. युगोस्लाव्हिया फुटलेला, बोस्नियात युद्ध चालू, त्याच्या राजधानीला, साराजेवोला, वेढा पडलेला. सर्बियात राष्ट्राध्यक्ष स्लोबोदान मिलोशेविचची सत्ता पक्की होती. महागाई अशी की त्या वर्षी 500 अब्ज दिनारची नोट छापावी लागली. त्या नोटेवर चित्र होतं योव्हान योव्हानोविच झ्माय यांचं. लहान मुलांसाठी कविता लिहिणारा हा एकोणिसाव्या शतकातला कवी, जन्माने नोवी सादचाच. मी ती नोट हातात घेऊन पाहिली आहे. शून्यं मोजताना बोट ठेवत जावं लागतं, आणि शेजारी दाढीवाला कवी शांतपणे बघत असतो. अशा वर्षी लोकांच्या टाळ्या घ्यायच्या तर सोपी वाट होती: दोष क्रोएटांचा, मुसलमानांचा, जर्मनांचा, अमेरिकेचा. बालाशेविचने त्या वर्षी जो अल्बम काढला त्यात एक गाणं आहे, 'क्रिवी स्मो मी'. अर्थ, 'दोष आपला आहे'. ज्यांनी हे घडवलं त्यांना आपणच पुढे येऊ दिलं, अशी त्याची तक्रार आहे, आणि ती स्वतःच्या घरातल्या माणसांसमोर केलेली आहे. त्याच अल्बमवर युद्धाने आतून मोडून टाकलेल्या एका माणसाचं गाणं आहे, 'डोळ्यांत चंद्र असलेला माणूस'. त्यात झेंडा नाही, शत्रूला शिव्या नाहीत.

संधिसाधू माणूस सत्तेच्या दिशेने सरकतो. हा उलटा सरकला. तुलना हवी असेल तर त्याच्याच बँडमध्ये सापडेल. 1978 मध्ये 'रानी म्राझ' सुरू झाला तेव्हा बोरा जोर्जेविच त्यात होता. तो लगेच बाहेर पडला आणि त्याच वर्षी त्याने 'रिब्ल्या चोर्बा' काढला. रॉक म्हणून तो बँड जबरदस्त होता, यात शंका नाही. पण नव्वदच्या दशकात बोरा उघडपणे सर्ब राष्ट्रवादाच्या बाजूने उभा राहिला. एकाच रंगमंचावरचे दोघे, दोघांच्याही लेखणीत धार, आणि वाटा अशा फुटल्या. माझ्या मते बालाशेविचचं मोल कळायला त्याची गाणी बाजूला ठेवून एवढी एक गोष्ट पाहिली तरी पुरे.

त्याच्या घराचाही यात वाटा असावा असं मला वाटतं. वडील सर्ब, आई अर्धी क्रोएट, अर्धी हंगेरियन. ज्या घरात तो वाढला त्याच घरात तो शेवटपर्यंत राहिला, योव्हान त्स्वियिच रस्त्यावर. (त्स्वियिच हे सर्बियाचे नामवंत भूगोलतज्ज्ञ, आणि बालाशेविचचं विद्यापीठातलं अर्धवट सुटलेलं शिक्षणही भूगोलाचंच. हा योगायोग मला फार आवडतो.) अशा माणसाला 'ते' आणि 'आपण' अशी रेघ ओढायची तर ती स्वतःच्या जेवणाच्या टेबलावरूनच ओढावी लागली असती.

1999 मध्ये नाटोच्या विमानांनी 78 दिवस बाँबफेक केली, तेव्हा नोवी सादचे डॅन्यूबवरचे पूल एकामागून एक नदीत पडले. त्याने त्यावरही गाणं लिहिलं, आपल्या गावावर आकाश पेटलं असतानाचं. म्हणजे बाहेरच्यांनी केलेला घाव त्याला दिसत नव्हता असं नाही. ते गाणं 2000 च्या 'देवेदेसेते' या अल्बमवर आहे, नावाचा अर्थच 'नव्वदचं दशक'. त्याच अल्बममध्ये मिलोशेविचच्या राजवटीवर थेट हल्ला आहे, आणि तो 5 ऑक्टोबर 2000 च्या आधी, म्हणजे मिलोशेविच अजून खुर्चीत असताना. सत्ता पडल्यावर शूर झालेले लोक प्रत्येक देशात सापडतात. तारखा पाहिल्या तर त्यांच्यात याला बसवता येत नाही.

आणि फेब्रुवारी 1998. साराजेवोचा वेढा उठून दोन वर्षं झाली होती. चार वर्षांच्या आसपास ज्या शहरावर डोंगरांवरून सर्ब तोफा चालल्या, त्या शहरातल्या स्केंदेरिया सभागृहात नोवी सादचा एक सर्ब येऊन गायला. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितांसाठीच्या संस्थेचा सदिच्छादूत म्हणून तो आला होता. सभागृह भरलं होतं, लोकांना शब्द पाठ होते. तिथे जाऊन गाण्यात त्याचा फायदा कोणता होता, हे तुम्हीच सांगा.

आता 'कथेकरी'. हा शब्द तुम्ही टोमणा म्हणून वापरलात, मी तो तसाच ठेवून घेतो. त्याच्या मैफली चार-चार तास चालायच्या आणि त्यातला बराच वेळ तो बोलत असायचा: आजोबांबद्दल, घोड्यांबद्दल, राजकारण्यांबद्दल. मग पियानो हलकेच सुरू व्हायचा आणि बोलणं कुठे संपलं, गाणं कुठे लागलं, कळायचं नाही. तिकडे अशा कलावंताला 'कांटाउतोर' म्हणतात, म्हणजे स्वतः लिहून, स्वतः चाल लावून, स्वतः गाणारा. रॉकच्या तुमच्या व्याख्येत इलेक्ट्रिक गिटार आणि आरडाओरडा हवाच असेल, तर तो बसणार नाही. 1996 च्या 'ना पोस्लेत्कू' अल्बमवर तर व्हायोलिन आणि अकूस्टिक वाद्यांचाच जोर आहे. पण त्या सगळ्या वाद्यांच्या मध्ये व्होय्वोदिनाचं, म्हणजे नोवी सादच्या प्रांताचं, सपाट मैदान ऐकू येतं. तिथे लाखो वर्षांपूर्वी समुद्र होता, आज मका आणि गहू आहे. म्हणून त्याला 'पॅनोनियाचा खलाशी' म्हणायचे; पॅनोनिया म्हणजे हेच मैदान. समुद्रच नसलेला खलाशी.

कारागिरी हवी असेल तर 2001 चा 'जुन्या ब्रह्मचाऱ्याची डायरी' ऐका. बारा गाणी, प्रत्येकाला एका मुलीचं नाव. तुम्ही त्याला भावुक यादी म्हणालात. त्या बारा नावांची आद्याक्षरं ओळीने लावा. वाक्य तयार होतं: 'ओल्या सगळ्यांत छान'. ओल्या म्हणजे त्याची बायको.

राहिला भाषेचा मुद्दा. मला सर्बियन येत नाही हे खरं. मी व्हिएन्नात नोकरीला होतो तेव्हा नोवी सादच्या एका सहकाऱ्याने मला ओळीमागून ओळ सांगितली, बऱ्याचदा त्याच्या स्वयंपाकघरात, कॉफी करता करता. एका संध्याकाळी तो मला एक कडवं समजावत होता. जेझ्वा, म्हणजे लांब दांड्याचं त्यांचं कॉफीचं भांडं, शेगडीवर होतं. मध्येच त्याला शब्द सुचेना. शेजारी बसलेली साराजेवोची बाई, जिने वेढ्यातली सगळी वर्षं तळघरात काढली होती, तिने ते वाक्य पुरं केलं. दोघंही गप्प झाले आणि कॉफी उतू गेली. त्या कडव्याचा अर्थ मला त्या दिवशी पूर्ण कळला नाही, तरी मी त्या गाण्यांवर लिहिणार.

19 फेब्रुवारी 2021 ला कोविडने तो गेला, तेव्हा नोवी सादमध्येच नाही, तर झाग्रेब, साराजेवो, ल्युबल्यानातही लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आले आणि त्याचीच गाणी म्हणत उभे राहिले.

मूळ लेखातला 'निष्कलंक' हा शब्द मी काढला आहे आणि 1978 च्या गाण्यावर एक परिच्छेद घातला आहे. तुम्ही लक्षात आणून दिलंत म्हणून ते झालं, आभार. 1993 चा अल्बम ऐकलात की पुन्हा लिहा. तेव्हाही मत तेच राहिलं तर तेही मला वाचायचं आहे.