गोंदिया–सिंधुदुर्ग 'फक्त १ तास ४० मिनिटं': ते विमान आहे तरी कुठं?

आत्याने गोंदिया–कोल्हापूर महाराष्ट्र एक्सप्रेसचं कन्फर्म तिकीट रद्द केलं. का, तर भिशीच्या ग्रुपवर मेसेज आला: "गोंदिया ते सिंधुदुर्ग आता फक्त १ तास ४० मिनिटांत! अंतर ९४० किमी. नवीन विमानतळ. उडान योजनेत तिकीट २५०० रुपये. रेल्वेची गर्दी विसरा. पुढे पाठवा." कुडाळला नातवाची मुंज पुढच्या आठवड्यात, आणि ही मला विचारतेय, "विमानाचं तिकीट काढून देतोस का रे?"

अगं आत्या, काढू कशाचं? या दोन विमानतळांमध्ये थेट विमानच नाही. गोंदियाहून २०२२ च्या मार्चमध्ये प्रवासी सेवा सुरू झाली ती इंदूर–गोंदिया–हैदराबाद अशी. कोकणाचा त्यात संबंध नाही.

मग १ तास ४० मिनिटं आली कुठून? मी भारतीय विमानतळ प्राधिकरण छापतं ते दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन हिशेब मांडला. गोंदिया साधारण २१.५ उत्तर, ८०.३ पूर्व, चिपी (म्हणजे सिंधुदुर्गचा विमानतळ) १६.० उत्तर, ७३.५ पूर्व. सरळ रेषेत अंतर भरतं ९४० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे अंतर बरोबर आहे, तेवढं मान्य करावंच लागेल. आता ९४० ला ताशी ८०० ने भागा, सत्तर मिनिटं. उड्डाण-उतरणीची अर्धा तास भर घाला. झाले १ तास ४० मिनिटं! अंतर मोजणारी संकेतस्थळं कोणत्याही दोन विमानतळांची नावं टाकली की साधारण असाच भागाकार करून देतात. तिथून विमान उडतं की नाही, हे त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. कुणीतरी तो आकडा उचलला आणि त्यापुढे 'आता' हा शब्द चिकटवला. सगळा खोटेपणा त्या एका शब्दात आहे.

बरं, उद्या सुरू झालंच समजा. अशा लहान विमानतळांवर बहुधा पंख्याचं छोटं एटीआर विमान येतं. त्याचा वेग ताशी पाचशेच्या आसपास. नुसतं हवेतच पावणेदोन तासांच्या वर, धावपट्टीवरचा वेळ वेगळा. चिपीच्या पठारावर उतरल्यावर कुडाळला जायला पुन्हा गाडी करायचीच.

२५०० रुपयांचं अर्धसत्य आहे. लहान शहरांना स्वस्तात विमानाने जोडायची केंद्राची उडान योजना आली तेव्हा भाड्याला ही मर्यादा होती खरी, पण सुमारे तासाभराच्या किंवा पाचशे किलोमीटरच्या प्रवासासाठी. तीही योजनेत मंजूर झालेल्या मार्गावर आणि विमानातल्या काही जागांपुरती. ९४० किलोमीटरला आणि नसलेल्या मार्गाला ती लागणार कशी?

'नवीन विमानतळ' म्हणाल, तर चिपीचं उद्घाटन ऑक्टोबर २०२१ चं. गोंदियाच्या बिरशी विमानतळाची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धातली. आत्याहून म्हातारी!

आता उरते तीच महाराष्ट्र एक्सप्रेस. कोल्हापूरपर्यंत एक दिवस आणि वर काही तास, पुढे घाट उतरून एसटीने कुडाळ. आता जागा वेटिंगवर आहेत, म्हणून तत्काळसाठी मी सकाळी साडेनवापासून मोबाईल घेऊन बसणार आहे. आत्याने तो मेसेज आणखी सात जणींना पाठवलाय. त्यांना फोन करायचं काम मात्र मी तिच्यावरच सोपवलंय.