न्यू हॅम्पशायर २०२४ : हाताने लिहिलेलं नाव म्हणजे घोटाळा नव्हे

“मतपत्रिकेवर बायडन यांचं नावच नव्हतं, तरी ते जिंकले. म्हणजे मोजणीत गडबड.” अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्याच्या २३ जानेवारी २०२४च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीबद्दलचा (म्हणजे पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडण्याच्या मतदानाबद्दलचा) हा दावा अजून फिरतो. नाव नव्हतं हे खरं. गडबडीचं मात्र साफ चूक.

नाव नव्हतं, कारण बायडन यांनी अर्जच भरला नाही. अर्ज आणि १,००० डॉलर फी भरली की तिथे नाव छापलं जातं. पण डेमोक्रॅटिक पक्षाने पहिल्या प्रायमरीचा मान साउथ कॅरोलिना राज्याला, ३ फेब्रुवारीला, दिला होता. न्यू हॅम्पशायरच्या कायद्यानुसार मात्र पहिली प्रायमरी त्यांचीच. राज्य हटलं नाही, बायडन बाहेर राहिले आणि समर्थकांनी नाव लिहिण्याची मोहीम उघडपणे चालवली.

“लिहिलेलं मत बाद असतं.” हा समज आपल्याकडच्या सवयीतून येतो. भारतात मतदार ओळखू येईल असं काही पत्रिकेवर लिहिलं की मत बाद होतं. न्यू हॅम्पशायरमध्ये छापील नावांखाली एक कोरी ओळ असते, शेजारी लंबगोल. नाव लिहायचं आणि लंबगोल भरायचा. मशीनला अक्षर वाचता येत नाही, ते फक्त लंबगोल बघतं. तो भरलेला असला की पत्रिका वेगळ्या कप्प्यात पडते आणि ती माणसं हाताने मोजतात. स्पेलिंग चुकलं तरी कोण अभिप्रेत आहे ते कळलं की मत धरतात. घोळ होतो तो लंबगोल कोरा राहिला तर : मशीनच्या लेखी मतदाराने कुणालाच निवडलेलं नसतं. म्हणून लंबगोल विसरू नका, हे मतदारांना वारंवार सांगावं लागतं.

अशा हाताने लिहिलेल्या मतांवर बायडन यांना सुमारे ६४ टक्के मिळाले. छापील नाव असलेले त्यांचे पक्षातले प्रतिस्पर्धी डीन फिलिप्स २० टक्क्यांच्या आसपास थांबले.

“रिपब्लिकनांनी घुसून मतं दिली.” नोंदणीकृत रिपब्लिकनाला डेमोक्रॅटिक पत्रिका मिळतच नाही. पक्ष न नोंदवलेल्यांना दोन्हींपैकी एक घेता येते. पक्ष बदलायची मुदत ऑक्टोबर २०२३मध्येच संपली होती.

“असं आधी घडलंच नाही.” १९६४मध्ये सायगावला (दक्षिण व्हिएतनाममध्ये) अमेरिकेचे राजदूत असलेले हेन्री कॅबट लॉज इथेच लिहिलेल्या मतांवर रिपब्लिकन प्रायमरी जिंकले. १९६८मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनीही डेमोक्रॅटिक प्रायमरीत छापील नाव नसताना प्रतिस्पर्धी यूजीन मॅकार्थींना मागे टाकलं.

“मग कुठेही लिहून जिंकता येईल.” नाही, नियम राज्यागणिक वेगळे. नेवाडात नाव लिहायची सोयच नाही, ‘यांपैकी कोणीही नाही’ हा पर्याय तेवढा आहे. ६ फेब्रुवारी २०२४ला तिथल्या रिपब्लिकन प्रायमरीत ट्रम्प नव्हते, ते पक्षाच्या कॉकसमध्ये (पक्षाने स्वतः भरवलेल्या निवड-सभांमध्ये) उतरले होते. प्रायमरीत उतरलेल्या त्यांच्या प्रतिस्पर्धी निकी हेली ‘यांपैकी कोणीही नाही’ याच्याही मागे पडल्या.