४० दिवसांत पोट आत म्हणे!

एक फॉरवर्ड फिरतंय, बाळंतपणानंतर ४० दिवसांत पोट पूर्वीसारखं करायचं. पोट करकचून बांधा, रात्रीचं जेवण बंद, दहाव्या दिवसापासून क्रंचेस (उताणं पडून खांदे उचलायचा पोटाचा व्यायाम), आणि अंगावर पाजताय ना, मग वजन आपोआप उतरणार. माझ्या मावसबहिणीला हे बारशाच्या आधीच आलं, पाठवणारी तिची सख्खी आत्या, काय बोलणार!

पट्ट्याने चरबी जात नाही हो. गर्भाशय बाळंत झाल्यावर साधारण किलोभर असतं ते ६ आठवड्यांत आपलं आपण आकसून १०० ग्रॅमच्या आत येतं, बांधा नाहीतर नका बांधू. सिझरच्या टाक्यांना आधार म्हणून उठताबसता बेल्ट लावला तर बरंच वाटतं, पण श्वास कोंडेल इतका आवळला की सगळा दाब खाली जातो, जिथले स्नायू आधीच ताणलेले असतात, मग शिंकलं तरी लघवी सुटते.

क्रंचेसचं तर विचारूच नका. पोटाच्या मधोमध स्नायूंना फट पडलेली असते, त्यावर घाईने जोर दिला तर पोट मध्येच उंचवट्यासारखं वर येतं. सुरुवातीला घरातल्या घरात चालणं, खोल श्वास, लघवी रोखल्यासारखे आकुंचनाचे व्यायाम एवढं पुरे, बाकीचं ६ आठवड्यांच्या तपासणीला डॉक्टरांना विचारून, सिझर असेल तर अजून दमाने.

रात्रीचं जेवण बंद? पहिले ६ महिने अंगावर पाजणाऱ्या बाईला रोज ६०० कॅलरी जास्तीच्या लागतात असं आपलीच आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद सांगते. भाकरी, भाजी, वरण, अंडं खा की पोटभर. डिंकाचा लाडू सकाळी एक ठीक आहे, पण लाडू, वर अळीवाची खीर, वर येणाऱ्या प्रत्येकीने आणलेला शिरा, हे मात्र आवरा. आणि पाजून कॅलरी जातात हे खरं, पण भूकही तेवढीच लागते, त्यामुळे कुणाचं वजन उतरतं कुणाचं नाही, तिच्या नावाने बोटं मोडू नका.

झोपेबद्दल त्या फॉरवर्डमध्ये अवाक्षर नाही, आणि माझं खरं भांडण तिथेच आहे. बॉस्टनकडच्या एका अभ्यासात बाळ ६ महिन्यांचं असताना ५ तास किंवा कमी झोपणाऱ्या आयांमध्ये बाळ वर्षाचं झाल्यावरही ५ किलो किंवा जास्त वजन अंगावर राहण्याचं प्रमाण बरंच जास्त दिसलं. आता ही झोप तिला एकटीला कुठून मिळणार? पाजून झालं की ढेकर काढणं, लंगोट बदलणं, पाळणा हलवणं नवऱ्याने करायचं, आईने किंवा सासूने एक पहाट सांभाळायची, आणि बाळ बघायला येणाऱ्यांनी दुपारी दोन ते चार घरी बसायचं. बाळ झोपलं की तीही झोपू दे, भांडी राहिली तर राहू देत.

घाई नको, दुधाची घडी बसल्यावर आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी भरपूर. आणि झोप, खाणं सगळं ठीक असून ३-४ महिन्यांनी वजन हलतच नसेल, खूप थकवा, थंडी वाजणं असं असेल तर टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी करून घ्या, बाळंतपणानंतर थायरॉईड बिघडलेल्या बायका कमी नाहीत.