पद्मिनीचे बोअर इथेनॉलने खाल्लेले नाहीत

वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल जुन्या इंजिनांच्या सिलेंडरचे अस्तर खाते, युरोपात बीएमडब्ल्यू आणि जॅग्वारची इंजिने अशीच निकामी झाली, म्हणून दर दहा लिटर पेट्रोलमागे अर्धा लिटर रॉकेल ओतावे, असा संदेश सध्या फिरतो आहे. माझ्या काकांनी तो नुसता वाचला असता तर मी गप्प बसलो असतो. पण आपल्या १९८५ सालच्या प्रीमियर पद्मिनी गाडीसाठी रॉकेल कोठे मिळेल याची चौकशीच त्यांनी सुरू केली.

युरोपातील प्रकार खरा आहे, एवढे मान्य करावे लागते. १९९०च्या दशकातील बीएमडब्ल्यूच्या एम-६० आणि जॅग्वारच्या एजे-व्ही८ या इंजिनांत ॲल्युमिनियमच्या बोअरवर, म्हणजे पिस्टन ज्यात सरकतो त्या सिलेंडरच्या आतल्या भिंतीवर, निकासिलचा, म्हणजे सिलिकॉन कार्बाइडचे कण धरून ठेवणाऱ्या निकेलचा, पातळ मुलामा असे. तो खाल्ला मात्र गंधकाने. पेट्रोलमधील गंधक जळून होणारा वायू थंड इंजिनातील ओलाव्यात मिसळून आम्ल बनवी, आणि दोन-चार मैल जाऊन बंद होणाऱ्या गाडीत ते उडून जाण्याइतकी उष्णताच निर्माण होत नसे. इथेनॉलचा येथे काही संबंध नव्हता.

शिवाय पद्मिनीत निकासिल नाहीच. तिचा ब्लॉक बिडाचा आहे. जे अस्तर मुळात नाही ते खाल्ले जाणार कसे?

सर्वांत संतापजनक आहे तो रॉकेलचा उपाय. आजच्या पेट्रोलमध्ये गंधकाची कमाल मर्यादा दशलक्ष भागांत १० भाग आहे. रॉकेलच्या भारतीय मानकात ती ०.२५ टक्के, म्हणजे २,५०० भाग आहे. ज्या गंधकाने युरोपातील बोअर खाल्ले, तेच हा संदेश औषध म्हणून टाकीत ओतायला सांगतो! त्यातच रॉकेलचा ऑक्टेन, म्हणजे वेळेआधी पेट न घेण्याचा गुण, कमी असल्याने इंजिन ठोके देऊ लागते, आणि न जळलेले रॉकेल बोअरवरील तेलाचा थर धुऊन खाली ऑइलमध्ये उतरते.

इथेनॉल निरुपद्रवी आहे, असा माझा दावा नाही. काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेच ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले आहे. पद्मिनीच्या इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा पडदा आणि नळ्या अवश्य तपासाव्यात. पण ते बोअरचे दुखणे नव्हे.

बोअर झिजतो तो फाटक्या एअर फिल्टरमधून शिरणाऱ्या धुळीने, वेळेवर न बदललेल्या ऑइलने आणि इंजिन तापल्याने; शिवाय दोन-तीन वेळा रीबोअर करून, म्हणजे बोअर पुन्हा कोरून, आत बसवलेली स्लीव्ह (नळी) सैल असली तर तिच्याने. काकांची गाडी निळा धूर देते, म्हणून त्यांनी आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधील दाब, मोजून घ्यावे. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडल्यावर आकडा वाढला तर दोष पिस्टनच्या रिंगांचा किंवा बोअरचा. न वाढला तर हेड उघडून व्हॉल्व्ह पाहावेत.